स्वेच्छेने नव्हे

दुबईतल्या आमच्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मला एक प्रश्न हमखास येई. "वैशालीताई, तुम्ही स्कॉलरशिप देता ना? आमच्या ओंकारचं जरा बघा की." मी शेवटपर्यंत सांगत राहिले, की मी स्कॉलरशिप देत नाही, स्कॉलरशिपच्या फायली सांभाळते. कोणाचा विश्वास बसला नाही. वरण वाढता वाढता बायका डोळे मिचकावत, म्हणजे 'कळलं हो आम्हाला, चारचौघांत बोलायचं नाही'. आता निवृत्त होऊन पनवेलला आल्यावर कबूल करते: त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. देणं माझ्या हातात नव्हतं. काढून घेणं मात्र पुष्कळदा माझ्याच हातून झालं.

मी एकवीस वर्षं तिथल्या एका खासगी विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण कोणाची बदनामी करणं हा हेतू नाही. शिवाय सगळीकडे तेच असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की परदेशात एमएस करणाऱ्या पोराला 'फंडिंग' मिळालं म्हणजे कोणीतरी खूश होऊन बक्षीस दिलं. तसं नसतं. ती बहुतेक वेळा साधी नोकरी असते, फक्त तिला नोकरी म्हणत नाहीत, असिस्टंटशिप म्हणतात. विद्यापीठ फी माफ करतं आणि महिन्याला थोडा स्टायपेंड देतं. बदल्यात विद्यार्थी आठवड्याला वीस तास राबतो, एखाद्या प्रोफेसरच्या संशोधनात किंवा खालच्या वर्गांना लॅबमध्ये शिकवायला. मिळवण्यासाठी अर्ज, मार्कशीट, शिफारसपत्रं, 'मला हे का शिकायचंय' सांगणारा निबंध आणि मुलाखत. हे सगळे जण मन लावून करतात. टिकवण्याच्या अटी मात्र कोणी वाचत नाही. ग्रेड चारपैकी तीनच्या खाली जाता कामा नये. दर सेमिस्टरला तीन विषय घ्यायचेच. बाहेर नोकरी करायची नाही. आणि डोक्यावर गाइड हवा. यातलं एक जरी बिघडलं, की फाइल माझ्या टेबलावर.

मदत बंद करण्याचे दोन रस्ते होते. एक सरळ. विद्यापीठाने लेखी कारण द्यायचं, त्यावर डायरेक्टरची सही, मग विद्यार्थ्याला दहा दिवसांत अपील करायचा हक्क, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत मदत चालू. दुसरा रस्ता म्हणजे एका पानाचा फॉर्म, 'व्हॉलंटरी विथड्रॉवल'. मी स्वेच्छेने माझी मदत सोडत आहे. खाली विद्यार्थ्याची सही. कारण नाही, अपील नाही, खलास.

ऑफिसला कुठला रस्ता आवडत असेल हे सांगायला नको. आणि विद्यार्थ्याला समोर बसवून, तिथला कडक, दुधाळ करक चहा मागवून, टिश्यूचा डबा पुढे सरकवून ती सही मिळवायची हे काम माझं. मी त्यात हुशार होते. माझ्याइतक्या कमी वेळात कोणाला जमत नसे. अप्रायझलमध्ये तसं लिहूनही येई: 'हँडल्स सेन्सिटिव्ह केसेस विथ केअर'.

निखिलची सही मी चहा यायच्या आत घेतली होती.

निखिल साताऱ्याचा. कॉम्प्युटरचं एमएस करत होता. एका सेमिस्टरला त्याची ग्रेड दोन पॉइंट चौऱ्याण्णव आली. हवी होती तीन. आमच्या हँडबुकात स्पष्ट लिहिलेलं होतं, की पहिल्यांदा ग्रेड घसरली तर विद्यार्थ्याला एक सेमिस्टर संधी द्यावी. मला ते पान पाठ होतं. मी त्याला सांगितलं नाही. कारण त्याआधी दोनच आठवडे एका मराठी मुलीला असिस्टंटशिप मिळाली होती, तिच्या गुणांवर मिळाली होती, आणि लंचला एक सहकारी हसत म्हणाला होता, "वैशालीचा महाराष्ट्र कोटा सुरू झाला वाटतं." सगळे हसले, मीही हसले. ते वाक्य मला इतकं लागलं, की पुढच्या मराठी पोराला मी मुद्दाम अनोळख्यासारखं वागवलं. त्याच्याशी मराठीत बोललेसुद्धा नाही. तो मात्र सही करून उठताना मराठीतच म्हणाला, "थँक यू मॅडम, तुम्ही नीट समजावून सांगितलंत."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी रडले. पुढे कित्येक महिन्यांनी त्याला माफी मागणारी ईमेल लिहिली. उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही.

इक्बालभाई आले ते यानंतर.

काउंटरवर एक माणूस उभा. पंचेचाळिशी ओलांडलेली, पायात फॅक्टरीचे जाड सेफ्टी शूज, हातात पारदर्शक फोल्डर. ड्युटी संपवून थेट आला होता. तो इंग्रजीत विचारत होता आणि मी समजत होते, की हा मुलाच्या किंवा मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी आलाय. मी तीन वेळा विचारलं, "स्टुडंट कुठे आहे?" तो मान वळवून स्वतःशीच पुटपुटला, "काय समजत नाय या बाईला."

"समजतंय मला," मी मराठीत म्हटलं. "स्टुडंट कुठेय?"

ते चपापले, मग हसले. "मीच आहे, ताई. माफ करा."

इक्बालभाई मूळचे हर्णैच्या बाजूचे. कोकणातल्याच कॉलेजातून केमिकल इंजिनीअरिंग केलेलं, सेकंड क्लास. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात सोळा वर्षं सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर होते. ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट सुपरवायझर झाले. बायको रुबिना एका क्लिनिकमध्ये नर्स. मुलगी अलीना बारावीत.

त्यांनी निबंध पुढे केला. पहिलंच वाक्य: 'लहानपणापासून मला विज्ञानाची अत्यंत ओढ होती.'

"हे कोणी लिहिलं?"

"एक माणूस लिहून देतो. दोनशे दिरहम घेतले. म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर गेले बघा."

"पाण्यात गेले. तुम्ही प्लांटवर काय करता ते सांगा."

काउंटरपलीकडे उभ्या उभ्या त्यांनी मला पुढची वीस मिनिटं मेम्ब्रेन समजावला. मेम्ब्रेन म्हणजे अगदी बारीक छिद्रांचा पडदा. दाबाने पाणी त्यातून पलीकडे जातं, घाण अलीकडे राहते. पण हळूहळू पडद्यावर बुळबुळीत थर चढतो, शेवाळासारखा. तो धुवावा लागतो. धुतला तरी काही महिन्यांनी पडदा बाद होतो, नवा घ्यावा लागतो आणि तो महाग. त्यांच्या प्लांटवर दर आठ महिन्यांनी बदलायचे. इक्बालभाईंनी धुण्याच्या वेळा बदलून पाहिल्या. ठरलेल्या दिवशी न धुता पाण्याचा वास आणि दाब बघून धुतले. त्यांच्या देखरेखीखालचे पडदे चौदा महिने टिकले.

"मग कंपनीने काय केलं?"

"इंजिनीअर म्हणाला, योगायोग आहे. मी म्हटलं, साहेब, दोनदा झालंय. तो म्हणाला, कारण सांग. कारण मला सांगता येईना. कळतंय, पण सांगता येत नाय. म्हणून शिकायचंय."

"हेच लिहा," मी म्हटलं. "जसं सांगितलंत तसं. इंग्रजी चुकलं तरी चालेल."

त्यांनी लिहिलं. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. मुलाखतीला आमचे डायरेक्टर मिस्टर नबील अध्यक्ष होते. गोड बोलणारा, रेशमी टाय लावणारा माणूस. कोणालाही दुखवायचं नाही आणि कुठल्याही कागदावर शक्यतो सही करायची नाही, ही त्यांची कामाची पद्धत. त्यांनी विचारलं, "सेहेचाळिसाव्या वर्षी मास्टर्स करून तुम्ही काय करणार?"

इक्बालभाई म्हणाले, "काम. अजून चौदा वर्षं तर करायचंच आहे सर. समजून करेन."

समितीत डॉ. रानिया नावाच्या प्रोफेसर होत्या, जॉर्डनच्या. पाण्यावरच त्यांचं संशोधन. त्यांनी एक प्रश्न विचारला, इक्बालभाईंनी उठून फळ्यावर आकृती काढली, बाईंनी दुसरा मार्कर घेतला आणि त्याच आकृतीत आपली रेघ ओढली. पुढची पंधरा मिनिटं त्या दोघांना खोलीत बाकीचे आहेत याचा विसर पडला होता. असिस्टंटशिप मिळाली: फीमाफी आणि महिना चार हजार दिरहम. पगार होता त्याच्या निम्म्याहून कमी, पण रुबिनाने घरी सांगून टाकलं होतं, "तुमचा व्हिसा माझ्या नावावर घेते. इतकी वर्षं मी तुमच्या व्हिसावर राहिले, आता तुम्ही राहा."

पहिल्या सेमिस्टरला गणिताने त्यांना रडवलं. अलीनाच्या पुस्तकातून कॅल्क्युलस परत केलं. ती म्हणायची, "अब्बा, सीरियसली? धिस इज ग्रेड ट्वेल्व स्टफ." पण शिकवायची. ग्रेड आली तीन पॉइंट बारा. मला सांगायला आले तेव्हा बर दुबई भागातल्या दुकानातून पेढे घेऊन आले होते. मी एक पेढा खाल्ला आणि बॉक्स सगळ्या ऑफिसात फिरवला, कोणी काही बोलू नये म्हणून. अजूनही भीत होतेच मी.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डॉ. रानिया विद्यापीठ सोडून कॅनडाला गेल्या. त्यांचा दोष नव्हता, घरचं कारण होतं. पण प्रोफेसर गेला की त्याचा संशोधनाचा निधी बंद होतो, आणि त्या निधीतून ज्याला मदत मिळत असते तो विद्यार्थी रातोरात बेवारस होतो. नियम असा, की तीस दिवसांत दुसरा गाइड शोधा, नाहीतर मदत बंद.

इक्बालभाई सात प्रोफेसरांच्या दारात गेले. सगळे चांगले बोलले. कोणी म्हणालं, जागा नाही. कोणी म्हणालं, माझा विषय वेगळा. एकाने पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि मग म्हणाला, "तुमच्या वयाच्या माणसाला मी सूचना कशा करणार?"

एका सोमवारी मिस्टर नबीलनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अरबी लाडीगोडीने सुरुवात केली. "वैशाली, हबीबती, ती फाइल. शुक्रवारच्या आत व्हॉलंटरी घेऊन टाक. खलास."

मी इक्बालभाईंना बोलावलं. चहा मागवला. फॉर्म ठेवला, पेन ठेवलं, आणि नेहमीचं बोलायला सुरुवात केली: यात कमीपणा काही नाही, पुढे पुन्हा अर्ज करता येतो, रेकॉर्डवर डाग राहत नाही. इतक्या वर्षांत हा फॉर्म माझ्यासमोर कोणी वाचला नव्हता. पोरं सरळ खालच्या रेघेवर जात. इक्बालभाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मी बोलायची थांबले.

"ताई, हे व्हॉलंटरिली म्हणजे?"

"स्वेच्छेने. स्वतःहून."

"पण मी स्वतःहून नाय चाललो."

"फॉर्मची भाषाच तशी आहे, इक्बालभाई. सगळ्यांना तोच असतो."

"मग फॉर्म खोटं बोलतो." त्यांनी पेन उचलून माझ्या बाजूला ठेवलं, आपटलं वगैरे नाही. "सोळा वर्षं प्लांटच्या रजिस्टरवर सही केली मी. कितीतरी वेळा वरून फोन यायचा, म्युनिसिपालिटीचे लोक येतायत, रीडिंग जरा सांभाळून लिही. नाय लिहिलं. दोनदा प्रमोशन गेलं, पण नाय लिहिलं. आता इथे शिकायला येऊन खोटं रीडिंग लिहू? तुम्हाला मला काढायचंय ना? काढा. तुमच्या कागदावर काढा, कारण लिहा, तुमची सही करा. माझ्या हातून माझं नाव खोडून घेऊ नका."

चहावर साय धरली. मला वाटलं होतं, की त्यांचा आवाज चढेल, मग मला माझी नेहमीची वाक्यं वापरता येतील. तो चढलाच नाही.

मी ड्रॉवर उघडला, हँडबुक काढलं आणि अपिलाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. "हे वाचा," मी म्हटलं. "हे मी तुम्हाला आधी दाखवायला हवं होतं. सगळ्यांनाच."

त्यांनी वाचलं. मग विचारलं, "हे दाखवलं म्हणून तुम्हाला काय होईल?"

"ते माझं मी बघते."

बघते म्हटलं खरं, पण घरी जाताना मेट्रोत मी हिशेब मांडत होते. माझं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी रिन्यू व्हायचं. यांना नुकताच स्टेंट बसवला होता आणि यांचा मेडिकल इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता. मी जेवताना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता ऐकत होते. मग म्हणाले, "इन्शुरन्सचं मी बघतो. पण तू सही घेणार असशील, तर त्या साताऱ्याच्या मुलाच्या वेळेसारखी घरी येऊन रडू नकोस. मला ते परत बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी ती फाइल पहिल्या पानापासून काढली. फायली वाचणं हीच काय ती माझी विद्या. डॉ. रानियांचा राजीनामा एका पत्रात. इक्बालभाईंना 'तुमच्या गाइड जात आहेत' असं कळवणारं दुसरं पत्र. मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि तारखा पाहिल्या. डिपार्टमेंटने बातमी दाबून ठेवली होती. त्यांना कळवलं तेव्हा एकवीस दिवस आधीच गेलेले होते. तीस दिवसांची मुदत राजीनाम्यापासून मोजली होती. म्हणजे या माणसाला नवा गाइड शोधायला मिळाले नऊ दिवस, त्यातही एक वीकेंड.

मी मिस्टर नबीलना ईमेल लिहिली. विद्यार्थ्याने व्हॉलंटरी सहीला नकार दिला आहे, मीही ती पुन्हा मागणार नाही, मदत बंद करायची असल्यास कृपया कारणासह आपल्या सहीचं पत्र द्यावं. सोबत दोन्ही पत्रांच्या प्रती.

पाच मिनिटांत बोलावणं आलं. या वेळी हबीबती नव्हतं.

"हा तुझ्या गावचा आहे का?"

हाच प्रश्न. इतकी वर्षं ज्याच्या भीतीने मी चोरासारखी वागले, तो शेवटी कोणीतरी तोंडावर विचारला. आणि गंमत म्हणजे विचारल्यावर भीती उरलीच नाही.

"नाही, पण आमच्या भाषेचा आहे," मी म्हटलं. "त्याने काय फरक पडतो? तारखा अरबीत वाचा, इंग्रजीत वाचा, दिवस नऊच भरतात."

"तुला कळतंय ना, मी कारण काय लिहू? प्रोफेसर गेल्या, आम्ही वेळेवर कळवलं नाही, असं लिहू? ऑडिटला काय सांगू?"

"जे झालं ते लिहा. तो माणूसही तेवढंच म्हणतोय."

"तू तुझी जागा विसरते आहेस, वैशाली."

"सर, एका मुलाला मी त्याचा हक्क सांगितला नव्हता, कारण तुम्ही हा प्रश्न विचाराल म्हणून मी घाबरले होते. तेव्हा मी माझी जागा विसरले होते. आत्ता नाही."

मला वॉर्निंग लेटर मिळालं. एकवीस वर्षांतलं पहिलं. मी त्याची पोच देताना खाली लिहिलं, 'मजकूर मान्य नाही', आणि मग सही केली. हे मी इक्बालभाईंकडून शिकले.

शेवटी मदत बंद केल्याचं पत्र निघालं, त्यावर नबीलसाहेबांची सही झाली, आणि अपील दाखल झालं. अपील समितीत तिघे होते. मला आत बसायची परवानगी होती, पण फक्त कागद पुढे करायला. मी दोन पत्रं पुढे केली आणि गप्प बसले. तारखांचं त्यांना पटलं, पण एक जण म्हणाले, "ठीक आहे, मुदत वाढवू. पण गाइड कोण होणार? पैसे कुठून येणार?"

इक्बालभाई तयारी करून आले होते. त्यांनी नोटीस बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. खालच्या वर्गांची वॉटर लॅब, दोन बॅचेस रद्द, असिस्टंट उपलब्ध नाही. "सर, मी संशोधनाच्या पैशावर होतो. ते गेले. पण नियमात लिहिलंय, लॅब शिकवूनही मदत मिळते. ही लॅब रिकामी आहे. पाणी तपासायचं काम सोळा वर्षं केलंय मी. पोरांना शिकवतो."

समितीत डॉ. लक्ष्मी होत्या, मूळच्या चेन्नईच्या. इक्बालभाईंना नकार देणाऱ्या सात जणांपैकी एक. त्यांनी कागद खाली ठेवला. "थांबा. म्हणजे याचे पैसे मला माझ्या निधीतून द्यावे लागणार नाहीत?"

"नाही, मॅडम," मी म्हटलं. बोलायची परवानगी नव्हती, तरी बोलले.

"मग मी नाही कशाला म्हटलं असतं? मला कोणी सांगितलंच नाही. मी होईन गाइड. रानिया तिकडून मदत करेलच."

सात दारं बंद होती ती एवढ्याने. सगळ्यांना वाटत होतं, की हो म्हटलं तर खिशातून द्यावं लागेल. वय, विषय, जागा ही सगळी सांगायची कारणं. आणि हे समजावून सांगणं कोणाचं काम होतं? माझंच होतं.

दोन विरुद्ध एक मतांनी अपील मंजूर झालं. विरुद्ध मत देणाऱ्याने नोंद केली, की यामुळे चुकीचा पायंडा पडेल. मी तो पायंडा पडावा याची पुरेपूर काळजी घेतली. त्या दिवसापासून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राला मी अपिलाच्या पानाची प्रत जोडायला लागले. नबीलसाहेबांनी तोंडी सांगितलं, हे बंद कर. मी म्हटलं, लेखी द्या. ते त्यांनी कधीच दिलं नाही. पुढच्या वर्षभरात आठ विद्यार्थ्यांनी अपील केलं. पाच जिंकले, तीन हरले. हरलेल्यांना निदान कारण लेखी मिळालं. त्यातली एक सुदानी मुलगी मला म्हणाली, "आता मला भांडायचं कशाशी हे माहीत आहे."

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे रिन्यू झालं नाही. कारण दिलं 'रीस्ट्रक्चरिंग'. मी नबीलसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, "यावर अपील आहे का?" ते म्हणाले, "स्टाफला नसतं." मी म्हटलं, "असायला हवं," आणि तेही ईमेलने लिहून पाठवलं. आता कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडलं असेल. यांचा इन्शुरन्स यांच्या पेन्शनमधून भरतो, पहिला हप्ता भरताना मी आकडा तीनदा वाचला, खोटं कशाला सांगू. पण झोप चांगली लागते.

इक्बालभाईंचा शेवटचा व्हायवा माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात आला. याला तिकडे डिफेन्स म्हणतात. विद्यार्थ्याने आपलं संशोधन सगळ्यांसमोर मांडायचं आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दार उघडं असतं, कोणीही येऊन बसू शकतं. प्रत्यक्षात दोन मित्र आणि एक आई येते.

सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मला गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. नऊ माणसं आली आहेत, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधून, कारखान्याच्या गाडीने. निळे युनिफॉर्म, बूट चिखलाचे. आत सोडता येणार नाही, व्हिजिटर पास नाही. मी धावत गेले. इक्बालभाईंच्या जुन्या शिफ्टची माणसं होती. केरळचे, बिहारचे, एक पेशावरचा, एक आपला खेडचा. पहाटेची ड्युटी संपवून सरळ आले होते, कपडे बदलायलाही थांबले नव्हते.

"मॅडम, कोणीतरी स्टाफने यांची जबाबदारी घ्यावी लागेल," गार्ड म्हणाला.

"मी स्टाफ आहे," मी म्हटलं. "परवापर्यंत." नऊ पासांवर नऊ सह्या केल्या. "यल्ला, चला."

खोलीत सगळ्यात मागची रांग निळी झाली. पुढे रुबिना क्लिनिकच्या पांढऱ्या कोटात, शेजारी अलीना फोनवर व्हिडिओ काढत. इक्बालभाईंनी मागे पाहिलं आणि बोलायला लागले. इंग्रजी अजूनही अडखळतच होतं. पण आता कारण सांगता येत होतं. तो थर पडद्यावर घट्ट व्हायच्या आधी, अजून सैल असतानाच धुतला पाहिजे, आणि तो सैल आहे हे दाबाच्या कुठल्या बदलावरून ओळखायचं, याचा आलेख त्यांनी दाखवला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर खोदून खोदून विचारलं. दोन प्रश्नांना ते सरळ म्हणाले, "आय डोन्ट नो, सर. धिस पार्ट आय डिड नॉट टेस्ट."

शेवटी डॉ. लक्ष्मींनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणा श्रोत्याला काही विचारायचं आहे का? असं विचारून सहसा लगेच 'थँक यू' म्हणतात. मागच्या रांगेतून एक हात वर झाला. पेशावरचा, गुल खान म्हणून कोणी, पांढऱ्या दाढीचा.

"साहब, हिंदी में पूछें?"

मिस्टर नबील दारापाशी उभे होते, त्यांनी घड्याळ पाहिलं. परीक्षक मात्र म्हणाले, "प्लीज."

"इक्बालभाई, ग्राफ-व्राफ सब ठीक है. हमारे तीन नंबर पंप पे मीटर कितना दिखाए, तब धोने का?"

इक्बालभाई स्क्रीनकडे वळले नाहीत, कागदही पाहिला नाही. आधी त्यांनी हिंदीत आकडा सांगितला. मग, उन्हाळ्यात पाणी गरम असतं तेव्हा किती, हिवाळ्यात किती, हे वेगळं सांगितलं. मग तेच इंग्रजीत परीक्षकांना सांगितलं. गुल खानने छातीच्या खिशातून प्लांटची छोटी वही काढली, शेजाऱ्याकडून पेन घेतलं आणि दोन्ही आकडे लिहिले. लिहून झाल्यावर वही वर धरून, बरोबर आहे ना, म्हणून लांबूनच दाखवली.

इक्बालभाईंनी मान हलवली.

"अच्छा," गुल खान बसता बसता म्हणाला. "कल सुबह से चालू करते हैं."